मेण म्हणजे इंधनच आहे हो! मेणबत्तीबद्दल तुमचे प्रश्न

मेणबत्तीबद्दल इतके प्रश्न साठलेत की यावेळी फक्त तेवढेच घेतो, बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न: काचेच्या जारमधली सेंटेड कँडल आणली, पहिले काही दिवस मस्त चालली, आता ज्योत एकदम उंच होते, फडफडते आणि जारची कड काळी पडलीये. मेण भेसळीचं निघालं का?

मेणाला कशाला दोष देताय, आधी वात बघा. वात लांब झाली की ती जास्त मेण वर ओढते, ते सगळं नीट जळायला हवा पुरत नाही आणि अर्धवट जळलेल्याची काजळी होते. दर वेळी पेटवायच्या आधी, मेण गार असताना, वात साधारण ६ मिलिमीटर ठेवून कापा, नेलकटरने पण जमतं. टोकाला काळा गोळा धरला असेल तर तोही काढा. आणि कापलेले तुकडे किंवा जळकी काडी मेणात पडू देऊ नका कारण तीच मग दुसरी वात होऊन बसते. पंख्याखाली ठेवली तरी असंच होतं, ज्योत एका बाजूला झुकते आणि काच एकाच जागी तापत राहते.

सलग ४ तासांच्या वर जाळू नका आणि तळाला एक-दीड सेंटिमीटर मेण उरलं की जार रिटायर करा. महागाची असली की जिवावर येतं, कळतं मला, पण मेण संपत आलं की ज्योत तळाशी येते, मग एकतर काच तडकते नाहीतर खालचं टेबल भाजतं.

प्रश्न: एका ट्रेमध्ये वीसेक टीलाइट (पत्र्याच्या वाटीतल्या छोट्या बुटक्या मेणबत्त्या) खेटून खेटून लावले होते. थोड्या वेळाने सगळ्यांचा मिळून भडका उडाला, मी पाणी ओतणार तेवढ्यात बायको किंचाळली म्हणून थांबलो. ओतलं असतं तर काय झालं असतं?

आधी बायकोचे आभार माना.

मेण वितळायला पन्नास-साठ अंश पुरतात, पण वितळलेलं मेण तसं जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि ती एरवी फक्त वातीपाशी तयार होते. म्हणूनच एक मेणबत्ती इतकी शहाण्यासारखी जळते. टीलाइट खेटून ठेवले की ते एकमेकांना तापवतात, मेण साधारण २०० अंशांच्या आसपास गेलं की पूर्ण पृष्ठभागावरूनच भरपूर वाफ निघायला लागते, मग वातीची गरजच उरत नाही, अख्खी वाटी पेटते. तुमच्याकडे हेच झालं.

आता यात पाणी टाकलं तर ते मेणापेक्षा जड, सरळ खाली जातं, तिथे क्षणात वाफ होऊन जवळपास १७०० पट फुगतं आणि वरचं पेटतं मेण बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखं उडवतं. त्याचा लोळ थेट छताला लागू शकतो. त्याला बादली लागत नाही, पेलाभर पाणी बास होतं.

करायचं काय, तर धातूचं मोठं झाकण किंवा ताट बाजूने सरकवत वर टाकायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही (हा मोह सगळ्यांना होतो, आणि हवा मिळाली की ते परत पेटतं). पेटलेला ट्रे उचलून बेसिनकडे पळणं तर अजिबात नको, तो हातावर सांडतोच. आवाक्याबाहेर जातंय वाटलं तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, फायर ब्रिगेडला फोन करा. आणि पुढच्या वेळी दोन टीलाइटमध्ये ८-१० सेंटिमीटर अंतर ठेवा.

प्रश्न: लाइट गेली की मुलगी मेणबत्ती लावून वाचत पडते आणि तशीच झोपते. काचेच्या पेल्यात ठेवली तर चालेल का?

नाही. टॉर्च द्या.

प्रश्न: टीलाइटवर मातीची कुंडी पालथी घालून खोली गरम करायचा व्हिडिओ पाहिला. खरंच काम करतं?

कुंडी गरम होते, खोली नाही. एक टीलाइट जेमतेम ३०-४० वॅट उष्णता देतो, कुंडी त्यात स्वतःचं काही घालत नाही, फक्त ती उष्णता खाली अडकवून धरते. साधा रूम हीटर हजार-दोन हजार वॅटचा असतो, करा हिशोब. आणि अडकलेल्या उष्णतेने खालचं मेण तापतं, म्हणजे वरच्या ट्रेचीच गोष्ट, फक्त झाकून ठेवलेली. असले व्हिडिओ बघून माझं डोकं फिरतं, खरं सांगतो.

प्रश्न: फुंकर मारून विझवली तर काय बिघडतं?

फार काही नाही, पण पातळ मेण उडतं, आणि तो पांढरा धूर दिसतो ना, ते न जळलेलं मेणच असतं. त्या धुराला काडी लावली तर ज्योत उडी मारून परत वातीवर येते. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६०-६१ मध्ये लंडनला मुलांसाठी निव्वळ मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात ही वाफ नळीतून बाहेर काढून दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली होती. घरी करून बघू नका म्हणजे झालं. विझवायला चिमट्याने वात पातळ मेणात बुडवा आणि लगेच सरळ करा, धूर जवळजवळ होतच नाही.

प्रश्न: घरात मांजर आहे, तिचं शेपूट वाचवायला मेणबत्ती उंच कपाटावर ठेवतो. बरोबर ना?

मांजर कपाटावर चढत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? शिवाय कपाटाच्या वर बहुतेक पडदा नाहीतर वरचा खण असतो आणि ज्योतीच्या वरची गरम हवा बरीच उंच जाते. जड, पसरट, न पेटणाऱ्या बशीत ठेवा, चारी बाजूंनी किमान ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, वर त्याहून पुष्कळ जास्त, आणि मांजर खोलीत असताना तुम्हीही तिथे थांबा. दोन मिनिटं बाहेर जायचं झालं तरी विझवून जा. जवळपास सॅनिटायझर, परफ्यूम, हेअरस्प्रे नको, हाताला सॅनिटायझर लावलंच असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढू नका.

तुम्ही पुढे विचारलंय की तिने पाडली आणि मेण हातावर सांडलं तर, तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं हात धरा, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मेण कातडीला चिकटलं असेल तर ओरबाडू नका, खालची कातडी सोबत येते, तसंच ठेवून डॉक्टरकडे जा.