पित्ताशयाच्या गाठीची एफएनएसी निगेटिव्ह आली, आता निर्धास्त व्हायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या पित्ताशयाची भिंत एका बाजूने जाड आहे, लिव्हरलगत गाठ दिसते. सोनोग्राफीत बघून बारीक सुईने पेशींचा नमुना घेतला (हीच एफएनएसी), रिपोर्ट 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी', म्हणजे कॅन्सर दिसला नाही, असा आला. यावर विसंबावं का, आणि सुईने कॅन्सर पसरतो का?

निर्धास्त होऊ नका. पॉझिटिव्ह रिपोर्ट सहसा खरा ठरतो, निगेटिव्हचं तसं नाही. रिपोर्टमधलं पेशींचं वर्णन वाचा. नुसतं रक्त, पित्त आणि लिव्हरच्या पेशी असतील तर त्याला निगेटिव्ह म्हणताच येत नाही. नमुना अपुरा आहे असं स्वच्छ लिहायला हवं. मी सायटॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशींची तपासणी करतो, आणि माझं ठाम मत आहे की या तपासणीचं यश मायक्रोस्कोपपर्यंत पोचण्याआधीच ठरतं.

सुई साधारण २२ गेजची, म्हणजे बारीक, आणि लांब. ती शक्यतो लिव्हरमधून न्यायची, कारण पित्ताशयाला थेट भोक पडलं तर पित्त पोटात झिरपून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज) होऊ शकतो. वाटेत लिव्हर असलं की भोक दबून बंद होतं. टोक पोकळीत जाऊ द्यायचं नाही. सिरिंजमध्ये हिरवट-पिवळं पाणी भरलं म्हणजे टोक पित्तात आहे, आणि त्यात पेशी मिळाल्या तरी बहुतेक सडलेल्या असतात. मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असतो, म्हणून नमुना कडेच्या जिवंत भागातून घ्यायचा. पेशंटने श्वास रोखलेला असताना सुई गाठीत मागे-पुढे हलवायची, आणि बाहेर काढण्याआधी सक्शन सोडायचं. नाहीतर सगळा माल सिरिंजमध्ये चढतो आणि स्लाइडवर काहीच उतरत नाही.

खरा घोळ यापुढे होतो. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, दुसऱ्या काचेने एकदाच हलक्या हाताने पसरवायचा. पॅप स्टेन या रंगाने रंगवायची स्लाइड त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. ती थोडी जरी सुकली तरी पेशींची केंद्रकं फुगतात, त्यांतलं क्रोमॅटिन (डीएनएचं जाळं) पुसट होतं, आणि साधी सूज की कॅन्सर हे सांगायला ज्या खुणा लागतात त्याच जातात. गिम्सा या दुसऱ्या रंगाची स्लाइड मात्र मुद्दाम हवेत वाळवायची. सुईत उरलेलं फॉर्मॅलिनमध्ये धुऊन सेल ब्लॉक (पेशी मेणात बसवलेला ठोकळा) करायचा. प्रत्यक्षात ट्रेवर सगळ्या स्लाइड सुकलेल्या, जाड, रक्ताने माखलेल्या येतात, आणि रिपोर्ट अनिर्णित गेला की खापर आमच्यावर फुटतं. पॅथॉलॉजिस्ट सोनोग्राफीच्या खोलीत हजर असेल तर टोल्युडिन ब्लू हा झटपट रंग घालून एक-दोन मिनिटांत कळतं की पेशी आल्या की नाही. नसतील तर पेशंट टेबलावर असतानाच सुई पुन्हा घालता येते. यावर 'तेवढा वेळ कुठे असतो' हे उत्तर मी नेहमी ऐकतो. मग पेशंटला चार दिवसांनी परत बोलावून टोचायला वेळ कुठून येतो?

फेसाळ मॅक्रोफेज (सुजेत येणाऱ्या भक्षक पेशी), जायंट सेल (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) आणि सूज असं वर्णन असेल तर झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाची एक जुनाट, कॅन्सर नसलेली सूज, सुचवतात. हा आजार सीटीवरसुद्धा हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. पण ही सूज आणि कॅन्सर दोन्ही एकाच पित्ताशयात असू शकतात, त्यामुळे तेवढ्यावरही फाइल बंद करू नये.

सुईने पसरण्याबद्दल: सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत, प्रमाण कमी आहे. पण म्हणूनच गाठ काढण्याजोगी असेल आणि सीटीवर कॅन्सरचा दाट संशय असेल, तर सहसा सुई न घालता थेट मोठं ऑपरेशन करतात. एफएनएसीचा खरा उपयोग ऑपरेशन शक्य नसताना, केमो सुरू करण्याआधी पुरावा मिळवण्यासाठी. अशा वेळी लिव्हरमध्ये वेगळी गाठ किंवा मोठी लिंफ नोड दिसत असेल तर नमुना तिथूनच घेणं सोपं आणि जास्त सुरक्षित. छोट्या पॉलिपला सुई घालतच नाहीत. आणि पुन्हा टोचायचं ठरलं तर प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या आत आहे ना, हे आधी बघून घ्या.

सध्या लॅबमधून मूळ स्लाइड आणि सेल ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या सायटोपॅथॉलॉजिस्टला दाखवा. त्याच वेळी सीटी घेऊन लिव्हर-पित्ताशयाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनना भेटा. गाठ काढता येते का हे त्यांनी सांगेपर्यंत दुसऱ्यांदा सुई घालू देऊ नका.