'पर्यंत'चा घोळ

प्रश्न : मी चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये डिस्पॅच बघतो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला मेल टाकला, 'वुई विल सेंड द मटेरियल टिल फ्रायडे.' त्याचं उत्तर आलं, 'अँड आफ्टर फ्रायडे?' सगळे हसले, पण चूक काय ते कुणालाच सांगता आलं नाही. – एक वाचक, चाकण

उत्तर : गिऱ्हाइकाला वाटलं, शुक्रवार उजाडेतो रोज थोडाथोडा माल निघणार आणि मग पाठवणं बंद. तुम्हाला म्हणायचं होतं 'बाय फ्रायडे'. यात तुमची चूक थोडी, आपल्या 'पर्यंत'ची जास्त. 'पाचपर्यंत ये' आणि 'पाचपर्यंत थांब', दोन्हीकडे आपण तोच शब्द लावतो आणि कुणाचं काही अडत नाही. क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतं, दुसऱ्याला 'टिल' किंवा 'अनटिल'.

मीही यात तोंडघशी पडलेली आहे. सोलापूरला शाळेत नव्यानं लागले होते. आमच्या मोठ्या बाई केरळच्या, मराठी कामापुरतं, त्यामुळे त्यांच्याशी सगळा व्यवहार इंग्रजीत. एकदा स्टाफरूमच्या फळ्यावर मी ऐटीत चिठ्ठी टोचली, 'आय विल बी इन द लायब्ररी बाय फाइव्ह.' मनात होतं, पाचपर्यंत मी लायब्ररीत आहे, काम असेल तर या. पाचला दप्तर आवरून घरी गेले. बाई सव्वापाचला दहावीच्या पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून वर आल्या, तर दाराला कुलूप. त्यांच्या हिशेबानं मी पाचच्या आत तिथे येऊन बसायला हवी होते. दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. इंग्रजी शिकवायला नेमलेली मी!

तेव्हापासून मुलांना एक युक्ती सांगत आले. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'पाचच्या आत ये', कानाला बरोबर लागतं, म्हणून 'बाय'. 'पाचच्या आत थांब' म्हटलं की कान लगेच कुरकुरतो, तिथे 'टिल'. फी भरणं, पोचणं, काम संपवणं या एकदा होऊन जाणाऱ्या गोष्टी. वाट पाहणं, झोपणं, दुकान उघडं असणं या चालू राहणाऱ्या. नोटीस बोर्डावर 'सबमिट द फॉर्म टिल 31 जुलै' दिसलं की माझा हात अजून खडूसाठी शिवशिवतो.

फरक एवढाच लक्षात ठेवा की 'शुक्रवारच्या आत'मध्ये शुक्रवार धरायचा की नाही यावर आपल्याकडे वाद होऊ शकतो. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार सहसा धरतात. मालाचा मामला आहे, तारखेबरोबर वेळही लिहून टाका. आणि 'टिल' हे 'अनटिल'चं लघुरूप नव्हे. दोघांत 'टिल'च जुना. स्पेलिंगमध्ये मात्र 'टिल'ला दोन एल, 'अनटिल'ला एकच. इथे मार्क जातात.

प्रश्न : नातू डब्लिनला असतो, नातसून तिकडचीच. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत होता म्हणून मी म्हटलं, 'आय ॲम नॉट लिसनिंग टू यू.' पोरीचा चेहराच उतरला. मी काय वाईट बोलले? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुम्ही तिला सांगितलंत, 'मी तुझं ऐकत नाही जा.' म्हणायचं होतं 'आय कान्ट हिअर यू'. गंमत अशी, की हा भेद मराठीला पक्का ठाऊक आहे. 'मला ऐकू येत नाही' आणि 'मी ऐकत नाही' यांत तुम्ही घरात कधी घोटाळा कराल का? तुमच्या यजमानांना विचारा! 'मला' आलं की 'हिअर', 'मी' आलं की 'लिसन'. 'मला दिसतं' आणि 'मी बघते' यांचंही तसंच, तिथे 'सी' आणि 'लुक'. आपोआप होतं ते 'मला', मन लावून करतो ते 'मी'. पुढच्या कॉलला तिला हे मराठीतूनच शिकवा. 'मला-मी' तिला जड जाईल, तेव्हा फिट्टंफाट.

प्रश्न : 'प्रीपोन' असा शब्दच इंग्रजीत नाही, असं जावई चारचौघांत म्हणाले. मी तीस वर्षं ऑफिसात वापरला. – एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. वापर मुख्यतः आपल्याकडचा, त्यामुळे लंडनच्या माणसाला मीटिंग अलीकडे घेतल्याचं कळवायचं तर 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहा, नाहीतर तो जुन्याच वेळेला उगवेल. नाशिक ते मुंबई 'प्रीपोन' खुशाल वापरा. जावयांना शब्दकोशातलं पान जरूर दाखवा, फक्त त्यांचं जेवण होऊ द्या.