मुलाखतीत 'आम्ही सीएमएमआय लेव्हल ५' म्हणाले, ते किती मनावर घ्यायचं?

पवईतली कंपनी 'लेव्हल ५' आहे म्हणून ऑफर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. सीएमएमआय म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती पक्की आहे हे लेव्हल १ ते ५ मध्ये मोजणारी पट्टी. मी बारा वर्षं सॉफ्टवेअरच्याच धंद्यात आहे, आधी सीप्झ, आता ऐरोली.

लेव्हल १ पासून सांगतो, कारण ती मी भोगलीय. आमच्या जुन्या टीममध्ये रिलीजची, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढायची, स्क्रिप्ट एकाच माणसाला कळायची. तो गणपतीला देवगडला गेला आणि इकडे रात्री अकराला बिल्ड फेल. वाडीत रेंज नाही. शेवटी शेजारच्या लँडलाइनवरून त्याने कमांड एकेक अक्षर करून सांगितली, मागे भजनाच्या झांजा! काम झालं, पण त्याच्या जिवावर. यालाच लेव्हल १ म्हणतात.

२ ला प्रोजेक्टपुरती शिस्त येते. ३ ला अख्ख्या संस्थेची एक पद्धत ठरते आणि प्रत्येक प्रोजेक्ट ती आपल्या मापाने बेतून घेतं. ४ ला आकडे बोलतात: रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचं काम तपासताना, साधारण किती डिफेक्ट निघावेत हे जुन्या प्रोजेक्टांवरून ठाऊक असतं, त्यामुळे फार कमी निघाले तरी भुवया उंचावतात (रिव्ह्यू चहा पिता पिता उरकला असेल). ५ ला चुकीच्या मुळाशी जाऊन पद्धतच बदलतात, आणि फरक पडला का तेही मोजतात.

ही पट्टी मुळात गिऱ्हाइकासाठी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला कंत्राटदार पारखायचे होते. त्यातून कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांच्या कामावर सीएमएम उभं राहिलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, सीएमएमआय त्यानंतरचं. म्हणूनच कंपन्या लेव्हल पाटीसारखी मिरवतात.

आणि पाटी रंगवता येते. एका ठिकाणी अप्रेझलच्या (लेव्हल ठरवणाऱ्या तपासणीच्या) आधी आम्ही तीन महिन्यांपूर्वीच्या रिव्ह्यूचे फॉर्म रात्री बसून भरलेत. शिवाय लेव्हल मिळते ती तपासलेल्या युनिटला, तीही तीन वर्षांपुरती. तुमचं प्रोजेक्ट त्यात येतं का, हे आधी विचारा.

मग विचारा, "मागच्या रिलीजनंतर निघालेल्या बग्जचं पुढे काय केलंत?" ऐरोलीत मी हे विचारलं तेव्हा मॅनेजरने लॅपटॉप माझ्याकडे वळवून कारणांची यादीच दाखवली. दोन कारणांपुढे 'चेकलिस्ट बदलली' असं तारखेसकट लिहिलं होतं. त्या कंपनीची लेव्हल ३ होती.