एक्स.२५ रूटिंग: कॉल चुकीच्या सिरियलवर का जातात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या सिस्को राउटरवर एक्स.२५चे (कॉल लावून डेटा पाठवणारं जुनं पॅकेट नेटवर्क) दोन रूट टाकलेत. २१ने सुरू होणारे पत्ते सिरियल ०वर आणि ३१चे एक्सओटीने (टीसीपीवरून एक्स.२५ नेण्याची पद्धत) दुसऱ्या ऑफिसात जायला हवेत. पण ३१चे काही कॉलही सिरियल ०वरच जातात, आणि दुरुस्ती केली तरी फरक दिसत नाही.

गडबड पहिल्याच ओळीत आहे. 'एक्स२५ रूट २१ इंटरफेस सिरियल०' यातला २१ हा पॅटर्न आहे आणि तो पत्त्यात कुठेही सापडला तरी जुळतो. ३१०४२१७ या पत्त्यातसुद्धा मध्ये २१ आहेच. सुरुवातीलाच हवा असेल तर ^२१ लिहा. नेमका एकच पत्ता हवा असेल तर शेवटी $ पण लावा. टेबल वरून खाली वाचलं जातं आणि पहिला जुळणारा रूट घेतला जातो, जास्त नेमका कुठला हे बघितलं जात नाही. त्यामुळे .* (कुठल्याही पत्त्याशी जुळणारा) हा रूट ठेवायचाच असेल तर अगदी तळाशी.

फरक दिसत नाही त्याचं कारण वेगळं, आणि आयपीवरून आलेल्यांना हेच पचायला जड जातं. इथे रूटिंग कॉलचं होतं, पॅकेटचं नाही. कॉल रिक्वेस्ट येते तेव्हा टेबल एकदाच बघितलं जातं. पुढचा डेटा फक्त लॉजिकल चॅनल नंबरावर (त्या लाइनवर कॉलला मिळालेला क्रमांक) चालतो, त्यात पत्ता नसतोच. म्हणून चालू असलेला कॉल तुम्ही रूट बदललात तरी जुन्याच वाटेने जात राहतो. 'शो एक्स२५ व्हीसी'मध्ये (चालू कॉलची यादी) तो शोधा, क्लिअर करा (म्हणजे तोडा) आणि मगच नव्याने तपासा. होस्टवाल्यांना आधी कळवा, व्यवहार मध्येच तुटू देऊ नका.

कॉल लागलाच नाही तर 'डीबग एक्स२५ इव्हेंट्स' लावून क्लिअरचा कोड वाचा. कारण १३, निदान ६७ आलं तर तो पत्ता टेबलात कुठे जुळलेलाच नाही. कारण ९ आलं तर रूट सापडलाय, पलीकडची लाइन बंद आहे.

एक्सओटीसाठी टीसीपी पोर्ट १९९८ फायरवॉलवर दोन्ही दिशांनी उघडा. समोरून सुरू होणाऱ्या कॉलना त्यांच्या राउटरवर त्यांचा रूट लागतो, तुमचा पुरत नाही.

आणि एका बाजूनेच कॉल लागत असतील तर रूटिंगला हात लावू नका, चॅनलची रेंज बघा. डीटीई (लाइनचं ग्राहकाकडचं टोक) वरच्या नंबरापासून चॅनल घेतो, डीसीई (नेटवर्ककडचं टोक) खालच्यापासून. सिस्कोची डीफॉल्ट कमाल १०२४ आहे. समोरच्याची १६ असेल आणि तुम्ही डीटीई असाल, तर तुमचा पहिलाच कॉल त्याला अनोळखी चॅनलवर येतो. दोन्हीकडे 'एक्स२५ एचटीसी १६' (एचटीसी म्हणजे चॅनलचा सगळ्यात वरचा नंबर) करून इंटरफेस खाली-वर करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

आधी ^ लावून बघा आणि 'शो एक्स२५ रूट'चं आउटपुट इथे टाका.