नसांचा रिपोर्ट चांगला, मग सुईची चाचणी कशाला?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपासून त्यांना उजव्या हाताने शर्टाची बटणे लावता येत नाहीत. अंगठ्याजवळचा मांसल भाग खोलगट झाला आहे आणि दंडाचा स्नायू अधूनमधून फडफडताना दिसतो. मुंग्या किंवा बधिरपणा अजिबात नाही. नर्व्ह कंडक्शन चाचणीत (नसांतून विद्युतसंदेश कसा वाहतो हे पाहणारी तपासणी) संवेदना वाहणाऱ्या नसा नॉर्मल आल्या, तरीही डॉक्टरांना मोटर न्यूरॉन डिसीजची शंका असून त्यांनी सुईची ईएमजी चाचणी सांगितली आहे. तिची गरज आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गरज आहे. या आजारात मेंदूतील आणि मज्जारज्जूतील, हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी झिजतात. संवेदनेच्या नसांच्या पेशी मज्जारज्जूबाहेरच्या गाठींत असल्याने त्या बहुधा शाबूत राहतात. म्हणजे हात वाळत चालला असताना संवेदनेचा रिपोर्ट चांगला येणे, हे शंका दूर करणारे नसून तिला पुष्टी देणारेच आहे. त्याच नर्व्ह कंडक्शन चाचणीत डॉक्टर आणखी एक गोष्ट शोधतात, आणि खरे तर ती सापडावी अशीच त्यांची इच्छा असते : हालचालीच्या नसेत मध्येच कुठे विद्युतसंदेश अडतो का? तसे आढळल्यास ‘मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी’ हा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचा (प्रतिपिंडांच्या औषधाचा) उपयोग होतो.

सुईची चाचणी स्नायूची कैफियत ऐकते. निरोगी स्नायू विसाव्यात असताना विद्युतदृष्ट्या शांत असतो; नस गमावलेले तंतू मात्र आपोआप बारीक स्पंदने सोडू लागतात. उरलेल्या पेशी या पोरक्या तंतूंना आपल्याशी जोडून घेतात, त्यामुळे हात आवळल्यावर मोठ्या, लांबट लहरी उमटतात. ही तपासणी हातापुरती न ठेवता पाय, पाठ आणि जिभेपर्यंत केली जाते, कारण मानेच्या मणक्यांच्या झिजेने हात वाळू शकतो, जीभ नव्हे. मानेचा एमआरआय अवश्य करावा, परंतु साठीतल्या बहुतेकांच्या मानेत थोडीफार झीज दिसतेच, त्यामुळे केवळ त्या चित्रावरून सगळा दोष मणक्यांवर टाकणे घाईचे ठरते.

तरीही निदानाचा कणा म्हणजे प्रत्यक्ष तपासणी. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले तेव्हा ईएमजी नव्हतीच. वाळलेल्या हातावर हातोडी मारल्यावर झटका मंद पडायला हवा. तो उलट जोरदार आला, किंवा तळपायावर रेघ ओढताच पायाचा अंगठा वर उचलला गेला, तर वरच्या (मेंदूतील) आणि खालच्या (मज्जारज्जूतील) दोन्ही पेशी बाधित असल्याचा तो पुरावा असतो. निदानासाठीच्या २०१९ च्या ‘गोल्ड कोस्ट’ निकषांनुसार वाढत जाणारा अशक्तपणा, शरीराच्या एकाच भागातील अशी दुहेरी चिन्हे (किंवा किमान दोन भागांत खालच्या पेशींची बाधा) आणि इतर आजार वगळणे, एवढे पुरते. नुसते फडफडणे, ताकद शाबूत असताना, बहुधा निरुपद्रवी असते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र त्याच्या जोडीला अशक्तपणा आहे.

ते रक्त पातळ होण्याची औषधे घेत असतील, तर सुई घालण्यापूर्वी तसे सांगावे, मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत.