सेलरी, एअरफ्लो की टेम्पोरल?

ईमेल पाठवणे, पीडीएफ अहवाल बनवणे आणि पैसे घेण्यापासून माल रवाना करण्यापर्यंत ऑर्डर पुढे नेणे, पडद्यामागच्या या तिन्ही कामांसाठी तुम्हाला सेलरी, एअरफ्लो आणि टेम्पोरल यांपैकी एकच साधन हवे आहे. अशी निवड करताना मी आधी एवढेच विचारतो: काम अर्धवट असताना वर्कर (ते प्रत्यक्ष करणारा प्रोग्राम) बंद पडला, तर पुढे काय व्हायला हवे?

ईमेल आणि अहवाल पहिल्यापासून पुन्हा केले तरी चालतात. त्यांना साधी जॉब क्यू (कामांची रांग) पुरते, आणि तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर वेगळा ब्रोकरही (कामे वर्करपर्यंत पोचवणारी सेवा) लागेलच असे नाही. 2016 साली आलेल्या 9.5 आवृत्तीपासून त्यात ‘स्किप लॉक्ड’ची सोय आहे, जिच्यामुळे अनेक वर्कर एकाच टेबलातून एकमेकांना न अडवता कामे उचलू शकतात. शिवाय ऑर्डरची नोंद आणि तिच्यातून निघणारा जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येतो, म्हणजे दोन्ही लिहिले जातात किंवा एकही नाही, जे मला सर्वांत मोलाचे वाटते.

सेलरी ही पायथॉनची जॉब क्यू घेतलीत तर तिच्या मूळ सेटिंग्ज नीट वाचा. एरवी ती टास्क (काम) सुरू होण्याआधीच ब्रोकरला पोच देते, त्यामुळे बंद पडलेल्या वर्करच्या हातातले काम हरवू शकते; ‘ॲक्स लेट’ (काम संपल्यावर पोच देणे) चालू केले, तर तेच काम दोनदा होऊ शकते. ब्रोकर रेडिस असेल, तर पोच न मिळालेले टास्क मूळ सेटिंगनुसार तासाभराने दुसऱ्या वर्करकडे जाते. आम्ही दोन तासांनंतर जाणारे स्मरणपत्र याच पद्धतीने लावले होते; ते पोच न देता तासाहून जास्त थांबून राहिले आणि ग्राहकांना एकाहून अधिक वेळा गेले. चूक आमचीच, कारण हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते.

एअरफ्लो मी यादीतून काढेन. त्याचा पिंड ठरावीक वेळी चालणाऱ्या डेटा पाइपलाइनचा (डेटा टप्प्याटप्प्याने गोळा करून हलवण्याच्या कामांचा) आहे.

ऑर्डरचे प्रकरण मात्र वेगळे आहे, कारण पैसे घेतले गेले आणि माल निघाला नाही, तर पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. टेम्पोरल प्रत्येक टप्प्याचा निकाल इतिहासात नोंदवते आणि नवा वर्कर तोच कोड पुन्हा चालवताना नोंदलेले टप्पे वगळतो. पुन्हा चालवल्यावर तोच क्रम यायला हवा, म्हणून वर्कफ्लोच्या (टप्प्यांचा क्रम ठरवणाऱ्या) कोडमध्ये घड्याळ, यादृच्छिक संख्या किंवा नेटवर्क यांना थेट हात लावता येत नाही, आणि चालू ऑर्डरी असताना कोड बदलायचा झाल्यास आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. एवढे करूनही निकाल नोंदला जाण्यापूर्वी वर्कर पडला, तर पैसे घेण्याचा टप्पा पुन्हा चालू शकतो. म्हणून पेमेंट सेवेला प्रत्येक ऑर्डरसाठी ठरलेली एकच किल्ली (ओळखखूण) पाठवावीच लागते, म्हणजे तेच पैसे दोनदा घेतले जात नाहीत.

तुमची ऑर्डर तीन-चार टप्प्यांत, काही मिनिटांत संपत असेल, तर मी क्यू आणि ऑर्डरच्या टेबलात स्थितीचा एक स्तंभ एवढ्यावरच भागवेन. तिला कुणाच्या मंजुरीसाठी दिवसेंदिवस थांबावे लागत असेल किंवा झालेले टप्पे उलटवावे लागत असतील, तर टेम्पोरल घ्या, पण फक्त ऑर्डरसाठी.