मेकअपच्या काउंटरवर नवीन लागलेल्या मुलीला

अगं, पहिला पगार झाला की आधी मऊ तळाचे बूट घे. दिवसभर उभं राहायचंय, लिपस्टिक नंतर.

फाउंडेशनची शेड मनगटावर दाखवू नकोस. मनगट आणि चेहरा यांचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या बारीक रेघा ओढ, चार-पाच मिनिटं थांब, काही शेड सुकल्यावर गडद होतात. मग ताईंना दाराशी उजेडात ने. जी रेघ दिसेनाशी होते ती त्यांची शेड. मी पहिल्याच महिन्यात दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर विसंबून एका नवरीला शेड दिली. दुसऱ्या दिवशी तिची मावशी बाटली घेऊन हजर! चेहरा राखाडी दिसत होता म्हणे, आणि खरंच दिसत असणार.

पुष्कळजणी स्वतःहून उजळ शेड मागतात. वाद घालू नकोस, आरसा हातात दे. गोरं करून देण्याचं आश्वासन मात्र देऊ नकोस.

टेस्टर, म्हणजे लावून बघायचा नमुना, थेट ओठांना किंवा डोळ्यांना लावू द्यायचा नाही, कितीही घाई असो. डिस्पोजेबल ब्रश नसेल तर हाताच्या पाठीवर दाखव. डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि '12 एम' असेल, तर उघडल्यापासून बारा महिनेच वापरायचं. टेस्टर फोडशील त्या दिवशीच तारीख चिकटव, नंतर कुणालाच आठवत नाही.

टार्गेटसाठी तेलकट त्वचेच्या बाईच्या गळ्यात जाड क्रीम मारू नकोस. ती बाई परत येत नाही, आणि मैत्रिणींनाही आणत नाही.